फिंगर फूड (बालआहार, खानदेश)

सहा महिन्यांनंतर स्तनपानाच्या जोडीने जो वरचा आहार सुरू होतो, त्यातील बाळाला स्वतःच्या हाताने उचलून तोंडात घालता येणाऱ्या मऊ घासांना फिंगर फूड म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बहुतेक बाळे ८ महिन्यांच्या सुमारास असे घास खाऊ शकतात. मात्र बाळ मान सावरून ताठ बसत असेल तरच ते द्यावेत, झोळीत किंवा रांगताना कधीही देऊ नयेत. सुरुवातीला बाळ सगळ्या मुठीने धरते, म्हणून घास बोटासारखा लांबट असावा. नऊ-दहा महिन्यांत चिमूट जमू लागली की वाटाण्याएवढे तुकडे चालतात. घास कोणताही असो, तो दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे.

खानदेशच्या रोजच्या स्वयंपाकात असे घास भरपूर आहेत. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे केळे त्यांत अग्रगण्य ठरावे. त्याच्या गोल चकत्या करू नयेत. सोललेल्या टोकात बोट हलके दाबले की उभ्या तीन फाका आपोआप सुटतात आणि एक फाक चिमुकल्या मुठीत नेमकी बसते. भरताचे वांगे भाजून सोलले की मिरची-मीठ पडण्याआधी त्याच्या गराची एक पट्टी बाजूला काढावी. तुरीच्या डाळीचे वाफवलेले फुणके बिनतिखट करून कढीत भिजवावेत, तसेच बट्टीचा आतला भाग वरणात. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, दळणात पुष्कळदा मीठच मिसळलेले असते, म्हणून बाळाच्या भाकरीचे पीठ वेगळे ठेवणे बरे. साखर दोन वर्षांपर्यंत आणि मध पहिल्या वाढदिवसापर्यंत टाळावा. मधातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

खरी काळजी शेंगदाण्याची. घरात शेंगा सोलताना एखादा दाणा चटईखाली जातो आणि रांगणाऱ्या बाळाला तो हमखास सापडतो. दाढा नसल्याने तो चावला जात नाही. श्वासनलिकेत गेला तर त्यातील तेलाने सूज येते आणि बहुधा दुर्बिणीनेच काढावा लागतो. अख्खे दाणे, फुटाणे, लाह्या, बोरे व कच्चे गाजर चार वर्षांपर्यंत तरी देऊ नयेत आणि द्राक्षे उभी चार भागांत चिरावीत. दाण्याचा बारीक कूट मऊ भातात कालवून मात्र जरूर द्यावा.

खोकणारे, उबळ येणारे बाळ बहुधा घास स्वतःच बाहेर काढते. आवाजच बंद झाला तर वर्षाच्या आतील बाळाला पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मधोमध तळव्याने ५ थापा द्याव्यात आणि मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी ५ दाब द्यावेत. घास निघेपर्यंत हेच चालू ठेवावे आणि दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन करावा. घास दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, त्याने तो आणखी खोल जातो.