'लग्न झालंय का?' या प्रश्नापाशी अडलेली तपासणी

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे केसपेपरवर नाव-वय लिहून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लग्न झालंय का? विचारायचं असतं शरीरसंबंधांबद्दल, पण तो शब्द तोंडातून निघत नाही. आता एखादी बाई सहा वर्षं आपल्या जोडीदारणीसोबत राहत असेल, तर तिने काय सांगावं? ती 'नाही' म्हणते. डॉक्टर त्याचा अर्थ 'संबंध नाहीत' असा घेतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीच्या तपासणीचा विषय तिथेच संपतो.

पुष्कळ समलैंगिक स्त्रियांनाही वाटतं की पुरुषाशी संबंध नाही, म्हणजे या कर्करोगाची भीती नाही. हा समज जिवावर बेतू शकतो. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सगळ्या कर्करोगांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो, आणि त्याला पसरायला वीर्य लागत नाही. त्वचेचा, आतल्या नाजूक अस्तराचा स्पर्श पुरतो. बोटांवरून किंवा दोघींनी वापरलेल्या साधनांवरूनही तो जाऊ शकतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये संशोधक जीन मराझो आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांशी संबंध असलेल्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा पुरुषाशी कधीच संबंध न आलेल्या काहीजणींतही तो सापडला. शिवाय आपल्याकडे किती तरी जणींचं लग्न घरच्यांनी आधीच लावून दिलेलं असतं. आज ती कोणासोबत राहते यावरून तिच्या शरीराचा मागचा इतिहास कळत नाही.

बहुतेक वेळा शरीर एक-दोन वर्षांत या विषाणूला हुसकावून लावतं. तो ठाण मांडून बसला, तर पेशी बिघडत कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी मोठी मुदत फार थोडे कर्करोग देतात, म्हणून इथे तपासणीला मोल आहे. याचा भक्कम पुरावा आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा होता. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या टप्प्यातले कर्करोग आणि मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. जगाला दिशा देणारं हे काम इथे झालं, तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी तरी करून घेतली होती. जिला दवाखान्यात खरं बोलायचीच धास्ती, ती या १.९ टक्क्यांत कशी पोहोचणार?

म्हणूनच मला स्वतः नमुना घेण्याची पद्धत फार मोलाची वाटते. बाईने पडद्याआड किंवा घरी स्वतःच योनीमार्गातून काडीने नमुना घ्यायचा आणि तो प्रयोगशाळेत द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये ती मान्य केली आहे. तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी, मग नमुना डॉक्टरांनी घेतलेला असो वा स्वतः.

पण काडीने दवाखान्यातली धास्ती जात नाही. लपवत जगण्याच्या ताणातून नैराश्य येतं, झोप उडते. आणि उपचाराला जावं तर 'हे बरं करता येईल' असं सांगणारे अजूनही भेटतात. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ती आजारांच्या यादीतून १९९०मध्येच काढली आणि 'बदलून देण्याचे' उपचार हे भारतातही २०२२पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरले आहेत.

मानसिक उपचारांपुरती एक सोय तर आजच हाताशी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला उपचारांच्या निर्णयांत साथ देणारा आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. तो नवरा किंवा रक्ताचा नातलग असायला हवा असं नाही, जोडीदारीणही चालते. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, आणि त्या प्रतिनिधीची लेखी संमती लागते.