मेपल रसाची भांडी

शुगर मेपल आणि त्याच्या जातभाईंच्या खोडाला भोक पाडले की वसंताच्या तोंडाशी त्यातून पाण्यासारखा पातळ, किंचित गोड रस ठिबकतो. तो आटवून मेपलचा पाक करतात. हा व्यवसाय उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातला. क्यूबेक, आँटॅरिओ, न्यू ब्रन्सविक हे कॅनडाचे प्रांत आणि व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन ही अमेरिकेची राज्ये त्यात पुढे आहेत. जगातला निम्म्याहून कितीतरी जास्त पाक एकट्या क्यूबेकमध्ये होतो. रस झाडावरून उतरतो तेव्हा तो ज्यात पडतो त्या भांड्याची निवड आणि त्यात करावे लागणारे फेरफार हा या नोंदीचा विषय आहे.

रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असे हवामान फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत मिळते आणि तोच हंगाम. रसात साखर साधारण २ टक्के असते, म्हणून १ लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस लागतो. भांडे निवडताना हा आकडा विसरून चालत नाही. रस आटतो तसे त्यात उतरलेले नको ते पदार्थही घट्ट होत जातात. शिवाय रस दुधाइतकाच नाशवंत आहे. आपल्याकडे नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. मेपलच्या रानात ते काम थंडी करते, आणि ऊन वाढले की तिचा भरवसा राहत नाही.

युरोपीय वसाहतवाले येण्यापूर्वीपासून अनिशिनाबे, हौडेनोसौनी, अबेनाकी अशा मूळ रहिवासी जमातींचे लोक मेपलचा रस काढत. त्यांची भांडी भूर्जाच्या सालीची असत. हिमालयातल्या ज्या झाडाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याचेच हे अमेरिकी जातभाई. साल ओली व लवचीक असताना तिचे कोपरे आत दुमडून उथळ पात्र तयार करत. कोपरे कापले नाहीत की शिवण कमी लागते आणि गळतीही कमी होते. जिथे शिवावेच लागे तिथे झाडाच्या मुळांचा किंवा अंतर्सालीचा दोरा वापरून सांधे राळेने बुजवत. साखर साठवायला झाकणाचे वेगळे पात्र असे, त्याला अनिशिनाबेंच्या ओजिब्वे भाषेत मकक म्हणतात. भांड्यात रात्री धरलेला बर्फ काढून टाकण्याचीही रीत होती. बर्फात बहुतेक पाणीच जाते आणि उरलेला रस अधिक गोड होतो, म्हणजे सरपण वाचते. हातात होते त्या साधनांतून इतका अचूक विचार केलेली ही भांडी नंतरच्या कित्येक धातूच्या बादल्यांपेक्षा आरोग्याला अधिक सुरक्षित होती.

वसाहतवाल्यांनी आधी ओंडके कोरून डोण्या केल्या, मग फळ्या कड्यांनी बांधलेल्या लाकडी बादल्या आल्या. एक फळी मुद्दाम लांब ठेवून तिला भोक पाडत, म्हणजे बादली झाडाला टांगता येई. उन्हाळ्यात लाकूड वाळून फटी पडत, त्यामुळे हंगामाआधी बादल्या पाण्यात भिजत घालाव्या लागत. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात पत्र्याच्या बादल्या आल्या. हलक्या, एकात एक बसणाऱ्या, उतरते झाकण असलेल्या. साधारण १२ ते १५ लिटरची बादली आणि खोडाच्या भोकात बसवलेल्या तोटीला तिच्यासाठी आकडा, हे मेपलच्या रानाचे चित्र अजून डब्यांवर आणि पोस्टकार्डांवर छापतात.

याच बादल्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. जुन्या पत्र्यावर कधी शिसे-कथिलाच्या मिश्रणाचा मुलामा असे, आणि शिवणीच्या झाळकामात शिसे असणे तर सर्रास होते. जस्ताच्या मुलाम्यातही थोडे शिसे सापडते. रस ताजा असताना जवळजवळ उदासीन असतो. तो साचून आंबू लागला की आम्ल होतो आणि शिसे जास्त ओढून घेतो. आटवल्यावर ते पाकात घट्ट होते. अशी बादली आजोबांपासून चालत आलेली असली तरी ती दारात फुले लावायला ठेवावी, रसाला नाही. धातूच हवा असेल तर स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमची नवी बादली घ्यावी.

घरापुरता पाक करणारे बहुतेक जण आता खाद्यपदार्थांसाठी बनवलेली प्लॅस्टिकची पांढरी बादली वापरतात. ५ गॅलनची, म्हणजे सुमारे १९ लिटरची, घट्ट झाकणाची. ती टांगत नाहीत. भरल्यावर तिचे वजन तोटीला पेलत नाही. खोडात साधारण ८ मिलिमीटरचे भोक, त्यात तोटी, तोटीला लवचीक नळी आणि नळीचे दुसरे टोक बादलीच्या झाकणात. झाकणातले भोक नळीच्या जाडीपेक्षा किंचित लहान पाडावे, म्हणजे नळी आवळून बसते आणि पाऊस, पाकोळ्या, सालीचे तुकडे आत जात नाहीत. पाडताना निघालेला भुसा धुऊन काढावा. नळीचे टोक झाकणाखाली थोडेच उतरवावे, रसात बुडू देऊ नये: पारा पुन्हा उतरला की झाड रस उलटा ओढू शकते, त्याबरोबर जंतू भोकात जातात आणि भोक लवकर आटते. बादली बर्फावर ठेवली असेल तर बर्फ वितळताना ती कलंडते, म्हणून दोरीने खोडाला बांधून ठेवतात.

दुधाचा रिकामा गॅलनी कॅनही चालतो. त्याच्या मानेजवळ बाजूला भोक पाडून तो तोटीवर अडकवतात आणि वरचे टोपण लावलेलेच ठेवतात. फक्त त्यात ४ लिटरही मावत नाही, आणि चांगल्या दिवशी एका भोकातून त्याहून जास्त रस येतो. लोणच्याच्या बरण्यांचा वास प्लॅस्टिकमधून कधी पुरता जात नाही, तो पाकात उतरतो. रंगाचे, रसायनांचे डबे कितीही घासले तरी वापरू नयेत. काच रस गोठला की तडकते. काळ्या बादल्या उन्हात तापतात, म्हणून पांढऱ्या बऱ्या. टांगायच्या प्लॅस्टिक पिशव्याही मिळतात. धुण्याचा त्रास वाचतो, खारी मात्र त्या कुरतडतात.

मोठ्या बागांमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून प्लॅस्टिक नळ्यांचे जाळे आले आणि आता निर्वात पंपाने रस थेट टाकीत ओढला जातो. बादल्या उरल्या त्या लहान शेतांवर आणि घरोघरी.

भांडी रोज रिकामी करावीत. रस गाळून ४ अंशांखाली ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत आटवावा. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते, तेव्हा तोट्या काढून घ्याव्यात. भांडी गरम पाण्याने घासावीत, सुवासिक साबण वापरू नये. जंतुनाशक वापरलेच तर खळखळून विसळावे, आणि पूर्ण वाळल्यावरच पालथी घालून ठेवावीत.