धन फंक्शनलचा विस्तार: हान-बानाखच्या आधीपासून

मुंबई विद्यापीठात कलिन्याला असो वा आयआयटीत पवईला, फंक्शनल ॲनालिसिसच्या तासाला आधी हान-बानाख (फंक्शनलच्या विस्ताराचं प्रसिद्ध प्रमेय) येतं आणि धन फंक्शनलचा विस्तार त्याच्या मागून, एखाद्या उपप्रमेयासारखा. फंक्शनल म्हणजे प्रत्येक फलनाला एक संख्या देणारा रेषीय नियम; ऋण न होणाऱ्या फलनाला तो ऋण संख्या देत नसेल तर धन. विस्तार म्हणजे धनता राखून तो जास्त फलनांवर नेणं. काळाचा क्रम मात्र उलटा आहे. हानचा निबंध १९२७ चा, बानाखचा १९२९ चा; मार्सेल रीसने (फ्रिग्येश रीसचा धाकटा भाऊ) हा विस्तार १९२३ मध्येच करून दाखवला होता.

त्याच्यापुढे होता मोमेंट प्रॉब्लेम. स्टिल्ट्येसने तो १८९४ मध्ये अर्ध्या रेषेवर मांडला, हांबुर्गरने १९२० मध्ये पूर्ण रेषेवर नेला. संख्यांची क्रमिका दिली आहे. क्ष च्या घातांची संकलनं (हेच मोमेंट) नेमकी याच संख्या येतील असं मेझर, म्हणजे रेषेवर वजन वाटून देण्याची रीत, आहे का? क्रमिकेवरून बहुपदींवरचं फंक्शनल लगेच ठरतं. रेषेवर कुठेही ऋण न होणारी बहुपदी दोन वर्गांची बेरीज असते, त्यामुळे हांकेल मॅट्रिक्स (क्रमिकेतल्याच संख्या मांडून होणाऱ्या चौकोनी मॅट्रिक्स) कुठल्याही वर्गाला ऋण किंमत देत नसल्या की फंक्शनल धन. पण मेझर काढायला ते सतत फलनांवर हवं.

रीस एकेक फलन जोडत जातो. नव्या फलनाखालच्या बहुपदींच्या किमतींचा सुप्रीमम (सर्वांत लहान वरची मर्यादा) घ्या, वरच्यांचा इन्फिमम (सर्वांत मोठी खालची मर्यादा) घ्या. धनतेमुळे पहिला दुसऱ्याहून मोठा होत नाही. मधली कुठलीही संख्या नव्या फलनाची किंमत म्हणून चालते. आजच्या मांडणीत शेवट झॉर्नच्या लेम्माने: अशा अनंत पायऱ्या शेवटापर्यंत नेता येतात याची हमी तो देतो. अट एकच: प्रत्येक नव्या फलनाच्या वर जुन्यातलं एखादं फलन हवं.

ही अट नसेल तर गाडी पहिल्याच पायरीला अडते. मर्यादित अंतराबाहेर शून्य असलेली सतत फलनं घ्या, फंक्शनल म्हणजे साधं संकलन, आणि स्थिर फलन १ जोडायला जा. −न ते न वर १ असणारं, दोन्हीकडे एकेका एककात शून्यावर उतरणारं समलंबी फलन १ च्या खालीच राहतं. त्याचं संकलन २न+१. म्हणजे १ ची किंमत प्रत्येक २न+१ पेक्षा कमी नको. अशी संख्या नाही.

मेझर हाती आलं तरी मोमेंट जुळतात का, ते पाहावंच लागतं; ही पायरी सर्रास गाळली जाते. क्ष चं केवलमूल्य र किंवा त्याहून जास्त असेल तिथे क्ष च्या न-व्या घाताचं केवलमूल्य, क्ष च्या (२न+२)-व्या घाताला र च्या (न+२)-व्या घाताने भागून येणाऱ्या संख्येहून मोठं नसतं. र वाढवा, अनंताकडची गळती शून्यावर जाते.

फंक्शनलवरून संकलन उभारणाऱ्या पर्सी डॅनिएलची वाट निराळी. १९१८ च्या सुमारास, ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये असताना, त्याने धनतेला आणखी एक अट जोडली: फलनं बिंदूगणिक घटत शून्यावर गेली तर किमतीही शून्यावर जाव्यात. मग वाढत्या क्रमिकांच्या मर्यादा घ्यायच्या, वरचं आणि खालचं संकलन काढायचं, दोन्ही सांत आणि समान असतील तेवढीच फलनं ठेवायची. इथे मनाने निवडण्यासारखं काही उरत नाही.

दोन्ही विस्तार एकच समजले की घोळ होतो. ० ते १ वरचं लेबेग संकलन रीसच्या रीतीने सगळ्या मर्यादित फलनांपर्यंत नेता येतं, धनताही टिकते. डॅनिएलची अट टिकेल याची हमी नाही: कंटिन्यूअम हायपोथिसिस (पूर्णांकांचा आणि वास्तव संख्यांचा, या दोन अनंतांच्या मध्ये तिसरं अनंत नाही हे गृहीतक) धरलं तर ती टिकूच शकत नाही, हे बानाख आणि कुरातोव्स्की यांनी १९२९ मध्ये दाखवलं.

लोकली कॉम्पॅक्ट अवकाशावर (जिथे प्रत्येक बिंदूभोवती कॉम्पॅक्ट टापू असतो, जसं रेषेवर), कॉम्पॅक्ट टापूबाहेर शून्य होणाऱ्या सतत फलनांसाठी डॅनिएलची अट दिनीच्या प्रमेयाने (कॉम्पॅक्ट टापूवर सतत फलनं बिंदूगणिक घटत शून्यावर गेली तर सगळीकडे एकसारखी जातात) फुकट मिळते. त्यापलीकडच्या अवकाशांसाठी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी १९७३ मध्ये छापलेल्या राडोन मेझरवरच्या (कॉम्पॅक्ट संचांनी आतून मोजता येणाऱ्या मेझरवरच्या) पुस्तकात लोराँ श्वार्ट्झ नेमका त्याच, कोणत्याही टोपोलॉजिकल अवकाशाच्या प्रांतात शिरतो.