डोंगरउतारावरची भेग काय सांगते

दरड कोसळली की 'पावसानं माती निसरडी झाली आणि घसरली' असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. उतारावरची माती जागच्या जागी राहते ती कणाकणांतल्या घर्षणामुळे, आणि हे घर्षण वरच्या वजनावर ठरतं. ढोबळ हिशेब करू. 4 मीटर जाडीच्या चिंब मातीचं वजन घनमीटरला 2 टन धरलं, तर तळाशी दर चौरस मीटरवर 8 टन भार येतो. या थरात तळापासून 3 मीटर उंचीपर्यंत पाणी साचलं की ते 3 टनांनी वर रेटतं. घर्षणाच्या वाट्याला उरतात 5 टन; खाली ओढायला मात्र सगळे 8 टन हजर!

पाणी साचतं कुठे, हे घाटरस्त्यानं जाताना दिसतं. कापलेल्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा आडवा पट्टा असतो. वरच्या पाषाणातल्या उभ्या सांधींतून उतरलेलं पाणी या चिकण पट्ट्यावर अडतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. झरा आहे म्हणून तिथेच शेती, तिथेच वाडी. बाहेर पडायची वाट मुरमानं, मातीनं बुजली, की आत दाब चढतो.

माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023. गावांवर कोसळलेल्या या तिन्ही दरडी जुलैच्या उत्तरार्धातल्या. महिनाभराच्या पावसानं जमीन आधीच तुडुंब असते, त्यावर एखादा दिवस अतिवृष्टीचा येतो. तळियेची दरड कोसळली त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

वस्तीच्या वरच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग दिसली आणि तिची टोकं उताराकडे वळलेली असली, तर सरकणाऱ्या तुकड्याचा माथा तो. दोन्ही काठांना एकेक लोखंडी सळई ठोकून रोज ठरल्या वेळी टेपनं अंतर मोजावं. कालच्यापेक्षा आजची वाढ जास्त आणि उद्याची त्याहून जास्त असं दिसू लागलं, तर पाऊस उघडायची वाट न बघता घरं रिकामी करावीत. वाढ थांबलेली असेल, तर भेग चिकणमाती ठोकून बुजवावी, वर प्लास्टिकचा कागद टाकावा आणि भेगेच्या वर, थोड्या अंतरावर तिरका चर खणून पाणी बाजूच्या ओढ्याला काढून द्यावं. आडवा, पाणी धरून ठेवणारा चर इथे नकोच. माळावर तो गुणाचा. वस्तीवरच्या तीव्र उतारावर तो पाणी थेट मातीत मुरवतो.

उताराला आधाराची भिंत बांधूनही भागत नाही. तिच्यातली पाणी काढायची भोकं गाळानं बुजली, कारण मागे खडीचा थर भरलेलाच नसतो, तर तीच भिंत पाण्याचा बांध होते आणि दाबानं फुगून पडते.

मुसळधार सरीतही ओढ्याचं पाणी अचानक ओसरलं, तर वर कुठेतरी दरडीनं तो अडवलेला असू शकतो. अशा वेळी ओढ्याच्या कडेनं खाली पळू नये. आडवं जाऊन बाजूची उंच सोंड गाठावी.