कार्ब्युरेटर उघडण्याआधी गेजची सुई वाचा

जुनी गाडी उभी असताना थरथरते, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की बंद पडते, पण एकदा वेग घेतला की सुरळीत पळते. अशा गाडीचे बॉनेट उघडले की पहिला स्क्रू ड्रायव्हर कार्ब्युरेटरलाच लागतो. जेट साफ होतात, नवे किट बसते, आणि दोन दिवसांनी गाडी पुन्हा तशीच. माझे मत ठाम आहे: कार्ब्युरेटरचा नंबर शेवटचा. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, आणि स्वतःच्या तोंडातून जेवढी हवा जाते तेवढ्याच हवेला तो पेट्रोल देतो. दुसरीकडून चोरवाटेने शिरलेल्या हवेचा त्याला पत्ताच नसतो.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, हवेची वाट कमीजास्त करणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. ओढ चालू आणि वाट अडलेली, म्हणून चकतीच्या पुढच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, दाब उतरतो. हाच व्हॅक्यूम. तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे ३० इंच असतो, आणि धडधाकट इंजिनाला लावलेला व्हॅक्यूम मोजणारा गेज आयडलिंगला साधारण १७ ते २१ दाखवतो. म्हणजे २० दिसत असतील तर आत जेमतेम एकतृतीयांश दाब उरला आहे. उंचावर दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा धरायचा, नाहीतर डोंगरावरची चांगली गाडीही आजारी वाटेल.

आता मॅनिफोल्डला जोडलेली रबरी नळी, म्हणजे होज, तडकली तर काय होते याचा ढोबळ हिशेब करून बघू. दीड लिटरचे चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरताना बाहेरची सुमारे २०० लिटर हवा घेते. होजला तीन मिलिमीटरचे भोक असेल तर तेवढ्यातूनच साधारण ६० लिटर आत घुसते. एवढ्याशा भोकातून इतकी हवा कशी? बाहेरच्या दाबाच्या निम्म्याहून थोडा जास्त दाब आत असेपर्यंत, फरक वाढेल तसा प्रवाह वाढत जातो. आतला दाब त्याखाली गेला की भोकातली हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते आणि प्रवाह तिथेच कमाल होतो. आयडलिंगला नेमकी हीच स्थिती असते. बॉनेटखालून येणारा ‘स्स्स’ आवाज त्याचाच.

पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. कार्ब्युरेटरने फक्त १४० लिटरला पेट्रोल दिले आणि आत २०० लिटर हवा पोहोचली, तर प्रमाण २१ वर जाते. इतके पातळ मिश्रण ठिणगीने नीट पेटत नाही, म्हणून मिसिंग, म्हणजे मध्येच एखादे ज्वलन चुकणे, आणि थरथर. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला हजारभर लिटरच्याही वर हवा घेते. त्यात ती गळती जाणवतही नाही. वेगात गाडी ‘बरी’ होते ती यामुळे.

गेज मॅनिफोल्डच्या नळीला लावा, इंजिन गरम होऊ द्या आणि सुई नुसती बघत राहा. ती खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, म्हणजे उशिरा पडणारी ठिणगी. ठरावीक तालाने एकच झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला असण्याची शक्यता मोठी. रेस २५०० वर धरल्यावर सुई हळूहळू उतरतच गेली तर सायलेन्सर किंवा एक्झॉस्ट कुठेतरी तुंबलेला आहे. अशा गाडीत कार्ब्युरेटरचे कितीही ट्यूनिंग करा, पिकअप येणार नाही.

गळती शोधायला एकेक होज पकडीने हळूच दाबा. ज्या होजला दाबल्यावर आयडलिंग बदलून सुधारते, दोष तिकडे. ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा जाड होज विसरू नका. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरवरच्या, व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा: ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटला आहे. कार्ब्युरेटरखालच्या पॅकिंगवर आणि थ्रॉटलच्या शाफ्टच्या टोकांशी पाण्याचा बारीक फवारा मारा. फट पाण्याने झाकली गेली की इंजिनाचा आवाज बदलतो. काहीजण इथे पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम एक्झॉस्टशेजारी ते पेटते, तसे कधीही करू नये.

सुई निरोगी असेल तर मग कार्ब्युरेटर. प्लग काळे आणि पेट्रोलचा वास असेल तर कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पातळी किंवा त्याने बंद होणारा नीडल व्हॉल्व्ह. ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर गाडी गुदमरत असेल, तर इंजिन बंद करून कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघा आणि थ्रॉटल उघडा. पेट्रोलची सरळ धार दिसली नाही तर ॲक्सिलरेटर पंप गेला. गरम इंजिनाचा चोक, म्हणजे हवा अडवून मिश्रण दाट करणारी झडप, थोडा ओढल्यावर चाल सुधारली तर मिश्रण पातळ आहे, बिघडली तर बहुधा दाट.

आयडलिंगचे मिश्रण ठरवणारा मिक्स्चरचा स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर आधी थ्रॉटलची चकती किती उघडी राहील हे ठरवणारा आयडलचा स्क्रू तपासा. गाडी बंद पडू नये म्हणून कोणीतरी तो इतका आत नेलेला असतो की थ्रॉटलची चकती जास्तच उघडी राहते, आणि पेट्रोल मिक्स्चर स्क्रूच्या वाटेऐवजी चकतीजवळच्या दुसऱ्या फटीतून येऊ लागते. आयडलचा स्क्रू मागे घ्या, मिक्स्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत गेजची सुई सर्वांत वर जाईल तिथे थांबा, वाढलेली रेस आयडलच्या स्क्रूने उतरवा, आणि हे दोन्ही पुन्हा एकदा करा.