कोल्हापूरचा पूरनिवारण व पावसाळी निचरा निधी

कोल्हापूर शहरात पुराचे आणि पावसाचे पाणी थोपवण्यासाठी, वाहून नेण्यासाठी खर्च होणारा सार्वजनिक पैसा. तो एका तिजोरीतून येत नाही. नदी जलसंपदा खात्याकडे, नाले-गटारी महापालिकेकडे, नुकसानीचे पंचनामे महसूल खात्याकडे. पाणी मात्र एकच.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून पंचगंगा होते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांवर गेले, जुलै 2021 मध्ये 56 फुटांवर. नदी फुगली की शहरातून येऊन तिला मिळणारा जयंती नाला उलटा फिरतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मग गणपतीच्या अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती माडीवर चढवण्याची धांदल उडते. सखल भागातल्या कित्येक घरांत पाणी उंबऱ्यावरून येण्याआधी न्हाणीच्या मोरीतून वर येते. म्हणूनच नदीकाठी नुसती भिंत बांधून इथे भागत नाही. नाल्यांच्या तोंडाशी झडपा हव्यात, आणि झडपा बंद असताना आत साचणारे पावसाचे पाणी उपसायला पंप हवेत. जयंती नाल्यावरचे सध्याचे उपसा केंद्र सांडपाणी कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवण्यासाठी आहे, पुरासाठी नव्हे.

गटारी बांधणे व साफ ठेवणे हे 1949 च्या महापालिका अधिनियमाने महापालिकेचे बंधनकारक काम ठरवले आहे. दर उन्हाळ्यातली नाले व चॅनेल सफाई, गाळ काढणे, चेंबरची दुरुस्ती ही सगळी त्यातच येते. घरफाळ्यावर विसंबलेल्या महापालिकेला मोठे नवे काम स्वबळावर झेपत नाही, ही खरी अडचण.

केंद्राच्या पैशाचा कल मदतीकडे आहे. 15 व्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीचा 80 टक्के हिस्सा प्रतिसाद व मदतीसाठी ठेवला, आपत्ती सौम्य करण्यासाठी 20 टक्के. शहरी पुरासाठी त्याच आयोगाने सुचवलेले 2,500 कोटी रुपये सात मोठ्या शहरांसाठी होते. त्यांत मुंबई व पुणे आहेत, कोल्हापूर नाही. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा बुडालेल्या शहरासाठी हा निकष अपुराच म्हणावा लागेल.

2019 च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे समितीने कृष्णा खोऱ्यातील पुराची कारणे तपासली. पुढे राज्याने जागतिक बँकेच्या कर्जातून सुमारे 3,200 कोटींचा कार्यक्रम आखला. त्यात बँकेचा वाटा 70 टक्के, राज्याचा 30. त्याचा मुख्य रोख खोऱ्यातील पुराच्या व्यवस्थापनावर आहे. गल्लीतल्या गटारीची देखभाल मात्र पुन्हा घरफाळ्यावरच येते.

बिनखर्चाचा उपाय पूररेषा पाळण्याचा. पुराचे पाणी जिथवर पोहोचते तिथवर नकाशावर आखलेली ही रेषा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. या रेषांच्या आत मुरमाचा भराव पडला की तेवढे पाणी शेजारच्या वस्तीत सरकते.