किडनी रिजेक्शन: सी४डीचा डाग आणि मधली बारा वर्षं

रिजेक्शन म्हणजे बसवलेली किडनी शरीराने परकी समजून नाकारणं. १९५४ ची बॉस्टनमधली जुळ्या भावांची किडनी (पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट), मग ॲझाथायोप्रिन, स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हा भाग बहुतेकांना माहितीये, तो सोडून देऊ. सध्या ज्याची चर्चा आहे, म्हणजे रक्तातून डोनरचा डीएनए मोजणं, बायोप्सीची जीन टेस्ट, सीडी३८ या पेशींवरच्या प्रोटीनला धरणारी नवी इंजेक्शनं, ते कळायला १९९० च्या आसपासपासून बघितलं तरी पुरतं. त्याच्या आधीची एकच गोष्ट लागते, क्रॉसमॅच, म्हणजे पेशंटच्या रक्तात डोनरच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का हे ऑपरेशनआधी बघणं.

१९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका लॅबने २२५ ट्रान्सप्लांटचा हिशोब मांडला. पेशंटच्या रक्तात डोनरविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून होत्या अशा ३० पैकी २४ किडन्या लगेच गेल्या, ज्यांच्यात नव्हत्या अशा १९५ पैकी फक्त ८. इतका सरळ फरक मेडिसिनमध्ये क्वचित दिसतो. तेव्हापासून क्रॉसमॅच निगेटिव्ह आल्याशिवाय ऑपरेशन नाही हा नियम झाला. (आपल्याकडे नवरा किडनी द्यायला तयार असतो आणि बायकोचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येतो, त्यामागे बऱ्याचदा बाळंतपणं असतात, बाळातून आलेल्या नवऱ्याच्या टिश्यूची ओळख तिच्या रक्ताला आधीच झालेली असते.) पण याचा एक तोटाही झाला. अँटीबॉडीचा प्रश्न दारातच सुटला असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि पुढची वीसेक वर्षं रिजेक्शन म्हणजे टी सेल (परक्या पेशींवर थेट हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी) हेच समीकरण राहिलं. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिन मंजूर झालं, १९९४ मध्ये टॅक्रोलिमस आलं, सगळी टी सेलवरची औषधं, आणि ती चाललीही मस्त, पहिल्या वर्षात जाणाऱ्या किडन्या एकदम कमी झाल्या. दहाव्या-बाराव्या वर्षी जाणाऱ्या मात्र जातच राहिल्या. त्याला आधी 'क्रॉनिक रिजेक्शन' म्हणायचे, मग 'क्रॉनिक अलोग्राफ्ट नेफ्रोपॅथी' (म्हणजे बसवलेल्या किडनीचा जुनाट आजार), आणि २००५ च्या मीटिंगमध्ये ते नावही काढून टाकलं कारण त्यातून कारण काहीच कळत नव्हतं.

ही मीटिंग म्हणजे कुठली, तर १९९१ मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावात काही पॅथॉलॉजिस्ट आणि किडनीचे डॉक्टर जमले आणि बायोप्सी कशी वाचायची याचे नियम ठरवले, तीच पुढे दर दोन वर्षांनी भरायला लागली. आज जगभरातल्या रिपोर्टवर जे आय, टी, व्ही असे किडनीतल्या वेगवेगळ्या भागांच्या सुजेचे स्कोअर येतात ते तिथले. हे नियम संशोधनातून येतात हे खरं, पण शेवटी बसून, वाद घालून, सहमतीने ठरवलेले असतात, आणि आपल्याला रिपोर्ट हातात आला की ते विसरायला होतं.

आता सी४डी. अँटीबॉडी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटली की कॉम्प्लिमेंट नावाची प्रोटीनची साखळी चालू होते. त्यातला हा एक तुकडा भिंतीला पक्का धरून बसतो, अँटीबॉडी स्वतः निघून गेली तरी. चोर पळाला पण चप्पल राहिली, असा प्रकार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या संशोधकांनी बायोप्सीत हा डाग शोधला, आणि ज्या किडन्यांमध्ये तो होता त्या जास्त जातात हे दाखवलं. बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग २००१ च्या बॅन्फ मीटिंगमध्ये तो थेट निकषातच बसला, २००३ मध्ये ते छापून आलं. अँटीबॉडीने झालेलं रिजेक्शन म्हणायचं तर तीन गोष्टी हव्यात, टिश्यूमध्ये इजा, सी४डीचा डाग आणि रक्तात डोनरविरुद्ध अँटीबॉडी. सी४डी किंवा अँटीबॉडी यातलं एक नसेल तर निदान 'संशयास्पद' या शेऱ्यावर थांबायचं.

हा निर्णय चुकीचा होता का, यावर अजून दोन मतं आहेत. बाजूने बोलायचं तर २००१ मध्ये अँटीबॉडी मोजायच्या टेस्ट बऱ्याच लॅबमध्ये जुन्याच होत्या, सूक्ष्म मण्यांवर एकेक अँटीबॉडी पकडणारी बारीक टेस्ट नंतर सगळीकडे पोचली, आणि नुसती केशवाहिन्यांमधली सूज बघून कुणीही काहीही म्हणालं असतं. डाग दिसला की दिसला, तो दाखवता येतो. विरुद्ध बाजूने, रक्तगट न जुळणाऱ्या ट्रान्सप्लांटमध्ये डाग भरपूर असतो आणि किडनी मजेत चालू असते, हेही त्याच दशकात दिसत होतं. शिवाय गोठवलेल्या तुकड्यावर रंग दिला की एक उत्तर, पॅराफिनमधल्या (मेणात बसवलेल्या) तुकड्यावर दिला की कधीकधी दुसरंच. म्हणजे डाग असला तरी आजार असेलच असं नाही हे माहीत होतं. डाग नसताना आजार असू शकतो हे मान्य करायला मात्र वेळ लागला, आणि माझ्या मते खरी गोची तिथे आहे.

२००९ मध्ये कॅनडातल्याच एका गटाने बायोप्सीच्या तुकड्यातली जीन मोजली. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातली जीन खवळलेली, पेशंटच्या रक्तात अँटीबॉडी, किडनी पुढे गेलीसुद्धा, आणि अशा किडन्यांपैकी निम्म्याहून कमींमध्ये सी४डी होता. इतका मोठा भाग निकषाच्या बाहेर. तरी नियम बदलला तो २०१३ च्या ब्राझीलमधल्या मीटिंगमध्ये, तेव्हा कुठे सी४डी निगेटिव्ह असलं तरी केशवाहिन्यांमधली सूज पुरेशी असेल तर चालेल असं ठरलं. २००१ ते २०१३, बारा वर्षं. या काळात किती पेशंटना 'संशयास्पद' म्हणून नुसतं बघत ठेवलं गेलं याचा हिशोब कुणी मांडणार नाही. अर्थात निदान पक्कं झालं असतं तरी द्यायला काय होतं हा प्रश्न आहेच, प्लाझ्मा बदलणं, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडींचं सलाईन), रिटुक्सिमॅब (बी सेल मारणारं औषध), यातलं काहीच या कामासाठी म्हणून अमेरिकेत मंजूर नव्हतं, सगळं अनुभवावर आणि खर्च पेशंटच्या खिशाप्रमाणे. नंतर नीट ट्रायल झाल्या तेव्हा निराशाच जास्त पदरी पडली. व्हिएन्नामध्ये ४४ पेशंटवर बोर्टेझोमिब हे प्लाझ्मा सेल मारणारं औषध वापरून बघितलं, २०१८ मध्ये निकाल आला, उशिराच्या रिजेक्शनमध्ये फायदा दिसला नाही.

आधी ओळखण्याचं संशोधन याच पार्श्वभूमीवर पळायला लागलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम मोजायची नेहमीची रक्तटेस्ट) वाढतं तेव्हा उशीर झालेला असतो, हे इथल्या कुठल्याही पेशंटच्या घरच्यांना तोंडपाठ आहे. रक्तात डोनरचा डीएनए फिरतो हे हाँगकाँगमध्ये १९९८ मध्येच दिसलं होतं, बाईच्या रक्तात पुरुष डोनरचा वाय क्रोमोसोम सापडला म्हणून. पण त्याची टेस्ट व्हायला सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणं, स्वस्त व्हावं लागलं. २०१७ च्या अमेरिकन अभ्यासात रक्तातल्या सुट्या डीएनएपैकी डोनरचा १ टक्का अशी रेषा धरली तर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ६१ टक्क्यांनाच खरंच रिजेक्शन होतं, निगेटिव्ह आलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना नव्हतं. वाईट नाही, पण जाहिरातीत वाटतं तितकं चांगलंही नाही. आणि 'खरंच रिजेक्शन' हे ठरवलं कशावरून, तर बायोप्सीवरून, बॅन्फच्याच निकषांनी. पट्टीच मीटिंगगणिक सरकत असेल तर तिच्यावर घासून तपासलेली टेस्ट किती पक्की, हा प्रश्न टेस्ट विकणारे स्वतःहून काढत नाहीत. २०१९ मध्ये बायोप्सी, अँटीबॉडी, लघवीतलं प्रोटीन असं सगळं एकत्र करून किडनी किती वर्षं टिकेल हे सांगणारा स्कोअर फ्रान्समधून आला, युरोपच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये तो ट्रायलमध्ये वापरायला मान्यही केला, पण त्यातही बायोप्सी आहेच.

उपचारात थोडी हालचाल झाली ती २०२४ मध्ये. अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा सेल आणि अँटीबॉडी चिकटलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या एनके सेल, दोन्हींवर असलेल्या सीडी३८ ला धरणारं फेल्झार्टामॅब २२ पेशंटवर तपासलं गेलं. औषध मिळालेल्या ११ पैकी ९ जणांच्या बायोप्सीत रिजेक्शन विरलं, प्लासिबोवाल्यांपैकी (नुसतं औषधासारखं दिसणारं इंजेक्शन मिळालेले) तपासता आलेल्या १० पैकी २ जणांच्या. बंद केल्यावर त्या ९ पैकी ३ जणांमध्ये ते परत आलं. आकडे छोटे आहेत, मोठ्या ट्रायलकडे डोळे लागलेत.

त्याच वर्षी पॅरिसच्या गटाने जुन्या १६,२९३ बायोप्सी २०२२ च्या नव्या बॅन्फ नियमांनी परत लावून बघितल्या. या नियमांत केशवाहिन्यांची सूज आहे पण ना अँटीबॉडी ना सी४डी, अशांनाही वेगळा कप्पा दिलाय. नव्या कप्प्यांमध्ये ७८८ बायोप्सी गेल्या, आणि त्यातल्या ६४१ वर आधी 'रिजेक्शन नाही' असा शेरा होता. या सूजवाल्या किडन्या इतरांपेक्षा जास्त जातात हेही त्यात दिसलं, पण त्यांना द्यायचं काय, फेल्झार्टामॅब की आणखी काही, यावर अजून एकही नीट ट्रायल पूर्ण झालेली नाहीये.